पंचफुलाबाईचे एकशे अठरा

भंडाऱ्याच्या कोष्टी मोहल्ल्यात दामिनी नेमकं काय शिकते, हे धडपणे सांगू शकेल असा एकही माणूस नव्हता, आणि त्यात तिचे आईवडीलही आले. पाहुणे आले की तिची आई शेवंताबाई मोठ्या थाटात सांगायची, "आमची दामिनी विम्याचं शिकून राहिली." झालं. पाहुणा लगेच पिशवीतून एखादी जुनी पॉलिसी काढायचा आणि विचारायचा, "हे कधी पिकन वं पोरी?" आपण एजंट नाही हे समजावता समजावता चहा थंड व्हायचा. शेवटी दामिनीनं हात टेकले. पॉलिसी घ्यायची, तारीख बघायची, सांगून टाकायचं.

ती शिकत होती ते ॲक्चुअरीचं. विमा कंपनीनं कोणाकडून किती हप्ता घ्यावा, पेन्शन देणाऱ्यानं आज किती बाजूला काढून ठेवावं म्हणजे तीस वर्षांनी हात वर करायची पाळी येणार नाही, हे ठरवणारं गणित. नागपूरहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आली आणि ह्या परीक्षांच्या मागे लागली. सहा पेपर सुटले. सातव्यानं, आयुर्विमा आणि पेन्शनच्या वरच्या पायरीच्या गणितानं, तिला तीनदा आपटलं. वय एकोणतीस. सकाळ-संध्याकाळ दहावी-बारावीच्या शिकवण्या, दुपारी अभ्यास. नवरा-बायकोपैकी शेवटचा माणूस असेपर्यंत पेन्शन चालवायची तर आज किती लागतील. कामगार मरण, आजारपण, निवृत्ती आणि राजीनामा अशा चार दारांनी बाहेर पडत असतील तर कोणत्या दारासाठी किती ठेवायचे. असल्या प्रश्नांत तिच्या दुपारच्या दुपारी जायच्या.

ह्या सगळ्याच्या बुडाशी एक तक्ता असतो. एक लाख माणसं जन्माला आली असं धरायचं आणि दर वर्षी त्यांतली किती उरली ते खाली खाली लिहीत जायचं. शेवटी कोणीच उरत नाही. शेजारचा अंकुश ह्याला "मराचा पाढा" म्हणायचा. अंकुश चौतीस वर्षांचा, चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणाऱ्या एका खाजगी ट्रकवर ड्रायव्हर. आठवड्यातून एकदा मोटरसायकलनं घरी यायचा. दामिनीला सायकल त्यानंच शिकवलेली, आणि ती पडल्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसलाही तोच होता. येता-जाता खिडकीतून विचारायचा, "काय वं, आज किती मारले?"

"बावीस हजार."

"माहा नंबर आला का त्यात?"

"नाई अजून. चाल हो पुढं, अभ्यास करू दे."

मोहल्ल्यात पन्नासेक वर्षांपासून एक मयत फंड होता. फंड हे वहीवरचं नाव. लोक नुसतं डबा म्हणत. कोणाकडे मयत झाली की भैय्यालाल, म्हणजे दामिनीचे वडील, पितळेचा झाकणाचा डबा घेऊन घरोघर फिरायचे. डबा निघाला की माग थांबायचे. आडवं सूत नेणारा धोटा जिथं असेल तिथं सोडायचा, उठायचं, वहीतल्या नावापोटी शंभराची नोट टाकायची आणि डबा त्या घरी पोचल्याची खबर येईपर्यंत पुन्हा मागावर बसायचं नाही. तिरडी उचलायच्या आत डबा पोचलाच पाहिजे. मरणाच्या दिवशी कोणत्याच घरानं कोणापुढे हात पसरू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. भैय्यालालांनी सत्तावीस वर्षं तो सांभाळला. त्यांचा स्वतःचा माग बंद पडून भंगारात गेला, पण डबा कधी उशिरा पोचला नाही, आणि ह्या गोष्टीचा त्यांना एवढा अभिमान होता की घरात दुसऱ्या कशाचा नव्हता.

गल्लीच्या शेवटच्या घरात पंचफुलाबाई राहायची. चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी. एकतीस वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला तेव्हा त्यांचं नाव डब्यात नव्हतं. लाकडांसाठी तिला भर दुपारी दोन दारं वाजवावी लागली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं वहीत नाव घातलं. पुढं मुलगा गेला, तो सुरतेला. त्याचं नाव तिथंच कुठं असेल तर असेल. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, निराधार योजनेचे पैसे उचलायची आणि डबा आला की पदराची गाठ सोडून शंभर रुपये टाकायची. एकदाही चुकली नाही. म्हणायची, "माह्यासाठी कोनी दार वाजवाले नाई. वाजवनारं कोनी हायेच नाई. डबा तेवढा येजो, भैय्यालाल."

"येईन ना माय," भैय्यालाल म्हणायचे. "माह्या जिवात जीव हाये तोपर्यंत येईन."

पण वहीत एके काळी एकशे साठ नावं होती, ती आता त्र्याऐंशी उरली. पोरं नागपूर-पुण्याला गेली, त्यांनी मोबाइलवर विमे काढले, त्यांना डबा म्हणजे म्हाताऱ्यांचं खूळ वाटायचं. जानेवारीत, संक्रांतीनंतर सभा ठरली. भैय्यालाल दामिनीच्या खोलीत आले, पुस्तकांकडे जरा दबकूनच पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, तू एवढं शिकून राहिली तं आमच्या डब्याचं एवढं काढून दे ना. माणशी किती बसवाचे म्हंजे तो चालत राहीन?"

आजवर वडिलांनी तिच्या अभ्यासाबद्दल काही मागितलं नव्हतं. दामिनीला इतका आनंद झाला की तिनं दोन दिवस पुस्तक मिटून ठेवलं आणि वही घेऊन बसली. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती त्यांच्यापुढे भैय्यालालांनी एक जुलै लिहून टाकली होती, शाळेत गुरुजी लिहायचे तशी. अर्धा मोहल्ला एक जुलैला जन्मलेला. बाकी वही चोख होती.

तिसऱ्या दिवशी आनंद पार उतरला. त्र्याऐंशी नावांचं सरासरी वय सत्तरीच्या घरात. वर्षाला तीन मयती, पुढं चार, मग पाच. प्रत्येक मयतीबरोबर देणारं एक नाव कमी. देणं वाढलं की तरुण आधी गळणार, कारण देतात तेच आणि त्यांच्या घरी डबा येत नाही. ते गळले की उरलेल्यांवर आणखी भार. पुस्तकात ह्यावर अख्खं प्रकरण होतं. असे सगळ्यांकडून सारखीच वर्गणी घेणारे फंड जुन्या काळी कसे एकामागून एक बुडाले त्याचं. तिनं ते परीक्षेसाठी तीनदा पाठ केलं होतं. पाच-सहा वर्षांत डबा फिरेल आणि त्यात चिल्लर पडेल. नेमकी कोणाच्या वेळी, तेही दिसत होतं. जी सगळ्यांत जास्त वेळा देऊन झाली तिच्याच दाराशी तो रिकामा येणार.

उपाय एकच होता. ज्याचं मरण जितकं जवळ, त्यानं तितकं जास्त द्यायचं. पण हे चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला सांगणार कोण? दामिनीनं ठरवलं की आधी बाबांना एकट्याला बसवून समजावू. तिनं वहीच्याच छापील पानावर यादी केली: नाव, वय, आणि तिसऱ्या रकान्यात एक आकडा. त्या वयाच्या हजार माणसांतली वर्षभरात किती जातात, तो. अंकुशपुढे दोन. हेमराज किराणावाल्यापुढे एकतीस. बाबांपुढे चोवीस, आईपुढे सतरा. स्वतःपुढे एक. पंचफुलाबाईपुढे एकशे अठरा. पान वहीत ठेवलं आणि, सभेआधी परत येऊन समजावू म्हणून, संध्याकाळच्या शिकवणीला गेली.

शिकवणी संपवून ती मारुतीच्या देवळाजवळ आली तेव्हा सभा भरली होती आणि भैय्यालाल चष्मा लावून तेच पान मोठ्यानं वाचत होते.

"हेमराज, वय एकाहत्तर, एकतीस रुपये. अंकुश, वय चौतीस, दोन रुपये."

दामिनी जागच्या जागी उभी राहिली. चूक कोणाची होती? त्या वहीच्या तिसऱ्या रकान्यात पन्नास वर्षं रुपयांशिवाय दुसरं काही लिहिलंच गेलं नव्हतं. नाव, वय, रक्कम. भैय्यालालांनी पान उघडलं आणि जे दिसायचं तेच त्यांना दिसलं. पोरीनं माणशी किती ते काढून दिलं. महिन्याचे असतील, एवढंच त्यांनी आपल्या मनानं घातलं. आणि केवढ्या ऐटीत वाचत होते! लेकीचं गणित पहिल्यांदाच चारचौघांत वाचायला मिळालं होतं.

सभेत गलका झाला. अंकुश मागून ओरडला, "दोन रुपये? अरे, मी वर्साचे चोवीस एकदमच देऊन टाकतो!" आणि खरंच उठून त्यानं डब्यात चोवीस रुपये टाकले. लोक हसले. हेमराज मात्र चिडला. "हे कायचं गणित? जवान मानूस दोन देईन आन् बुढ्यायनं शंभर द्यावं? पंचफुला माय कुठून आननार एकशे अठरा?"

सगळे पंचफुलाबाईकडे वळले. ती पायरीवर टेकून बसली होती.

"बराबर हाये पोरीचं," ती म्हणाली. "डबा आता कोनाच्या दारात यायचा हाये? माह्याच ना? मंग मी जास्त नाई टाकू तं कोन टाकन? कांड्या भरतो ना मी, आनखीन दोन जास्तीच्या भरीन."

 हेमराज खाली बसला. पंचफुलाबाईनं दुरूनच दामिनीकडे पाहून मान हलवली, हुशार पोरगी आहे अशी. हीच ती वेळ होती. दामिनीनं पुढं होऊन सांगायला हवं होतं की थांबा, हे रुपये नाहीत. पण मग काय आहे, असं कोणीतरी विचारलंच असतं. ह्या म्हातारीच्या तोंडावर ते कसं सांगायचं? दामिनीची जीभ उचलली नाही. माझं विचाराल तर तिची जागा घेऊन ते वाक्य बोलून दाखवणारा मला अजून भेटायचा आहे.

घरी येऊन ती कागद-पेन घेऊन बसली, आणि आलेलं उत्तर तिनं दोनदा ताडून पाहिलं. हजारात जितके जातात तितके रुपये दरमहा, वर्षाचे बारा हप्ते. अंकुशच्या वयाचे हजार जण धरले तर वर्षाला चोवीस हजार जमणार आणि त्यांतले दोन जाणार, म्हणजे प्रत्येक मयतीला बरोब्बर बारा हजार. पूर्वी डब्यात आठ हजार तीनशे पडायचे, ते दरवर्षी घटत जाणारे. आता नावं कितीही कमी झाली तरी बारा हजार. मोठमोठ्या कंपन्या हेच करतात, फक्त त्या आपलं पान देवळासमोर वाचून दाखवत नाहीत. वडिलांच्या चुकीनं डबा वाचवला होता. तिला जे सांगायची हिंमत नव्हती ते तिच्या न बोलण्यानं होऊन गेलं होतं, आणि आता त्यावर काही बोलायची सोयच उरली नव्हती.

एक फेब्रुवारीपासून भरणा सुरू झाला, आणि मयतीला बारा हजार द्यायचे, असं दामिनीनं वडिलांना सांगून ठेवलं. लोक कुरकुरत का होईना, भरत होते. पंचफुलाबाई पहाटे सगळ्यांच्या आधी यायची. पदराची गाठ सोडायची. एक शंभराची नोट, एक दहाची आणि आठ रुपयांची चिल्लर. ती चिल्लर दामिनीच्या हातावर मोजून ठेवायची आणि म्हणायची, "पाहून घे, तुह्या हिशेबात कमी नको पडाले." दामिनीला तिच्या डोळ्याला डोळा देता यायचा नाही. दर महिन्याला म्हातारी आपल्या मरणाचा आकडा सुटे पैसे करून आणत होती, आणि तो घ्यायला दामिनीच बसलेली. तिला लाज वाटायची. एकदा ती म्हणाली, "आजी, शंभरच द्या, वरचे राहू द्या."

"काहून? तुह्या पुस्तकात एकशे अठरा हाये ना? मंग?"

मार्च गेला, एप्रिल गेला. ह्या चार महिन्यांत मोहल्ल्यात एकही मयत झाली नाही. डब्यात बारा हजार चारशे जमले. भैय्यालाल येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवायचे आणि वर म्हणायचे, "पोरीचं डोकं!" दामिनीची परीक्षा मेच्या अखेरीस नागपूरला होती. चौथी खेप. अंकुश म्हणाला होता, "सकाळी मोटरसायकलनं नेऊन सोडतो. बसच्या भरवशावर नको राहू."

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागायच्या आदल्या संध्याकाळी, चिखल्याहून घरी येताना, आंबागडच्या अलीकडच्या वळणावर त्याच्या मोटरसायकलपुढं रानडुक्कर आडवं आलं. तुमसरला नेईपर्यंत तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरी आणलं. भैय्यालाल डबा घेऊन निघाले. मोहल्ल्यात अकरा माग उरले होते, ते एकेक करून थांबले, आणि मग रिताचं, अंकुशच्या बायकोचं, रडणं गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू यायला लागलं. डब्यात काही गोळा करायचं नव्हतं, पैसे जमलेलेच होते. पण फिरायची रीत होती म्हणून ते प्रत्येक दारासमोर थांबले. अंकुशच्या ओट्यावर त्यांनी बारा हजार मोजले. रिता डब्याकडे पाहून म्हणाली,

"काका, आमचे कायले? यायनं तं दोनच रुपये भरले होते."

"दोन नाई पोरी, चोवीस," भैय्यालाल म्हणाले. "वर्साचे एकदम टाकले होते त्यानं. चारच महिने झाले. त्याचे सोळा रुपये उरले." आणि त्यांनी बारा हजारांवर दहाची नोट, पाचाचं नाणं आणि एक रुपया ठेवला. वहीत तसंच लिहिलं, बारा हजार सोळा. सहीच्या जागी रिताचा अंगठा घेतला. तिला सही येत होती, पण पेन धरवत नव्हतं.

दामिनी डब्याचं झाकण हातात धरून उभी होती. हजारात दोन. दोन म्हणजे शून्य नव्हे, हे तिला पहिल्या पेपरपासून पाठ होतं. त्या दोघांत कोणीतरी असतंच, ज्याचं नाव तक्त्यात लिहिलेलं नसतं. सगळं बरोबर होतं, आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

दोन दिवसांनी तिची परीक्षा होती. ती बसनं गेली. संगणकावर दुसरा प्रश्न आला, "चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या एका पुरुषाने..." तिनं तो वाचला. पुन्हा वाचला. तिला दर वेळी चौतीसच दिसत होतं. सूत्र आठवत होतं, आकडे समोर होते, हात कीबोर्डवर होता. वेळ संपेपर्यंत ती तशीच बसली, आणि तिथला माणूस "मॅडम, झालं का?" म्हणाला तेव्हा उठली.

तेरावं झाल्यावर हेमराज भैय्यालालांच्या ओट्यावर येऊन बसला. पंचफुलाबाई आधीच बसलेली होती. जूनचे एकशे अठरा द्यायचे राहिले म्हणून आली होती.

"भाऊ, राग नको मानू," हेमराज म्हणाला, "पन पोरीचं गणित फसलं. दोन रुपयेवाला गेला आन् एकशे अठरावाली हे इथं बसून हाये. आमी कायले भरून राहिलो येवढे? जुनंच बरं होतं. सगळ्यायचे शंभर."

भैय्यालालांचा चेहरा पडला. चार महिने ज्या लेकीचा टेंभा मिरवला तिचं गणित फसलं, हे त्यांच्याच ओट्यावर बसून कोणी म्हणावं! ते दामिनीकडे पाहायला लागले, अगदी गरीब तोंडानं. दामिनीला ते बघवलं नाही. शिवाय जुन्यावर गेले तर पंचफुलाबाईचा डबा गेला, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"फसलं नाई, काका," ती म्हणाली. आणि मग जे जानेवारीत म्हणायचं ते सगळं जूनमध्ये म्हणून गेली. ते रुपये नव्हते. हजारात किती जातात तो आकडा होता. दोनच्या ठिकाणी दोन खरेच जातात. ज्याचं वय जास्त त्यानं जास्त दिले तरच डबा शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. बाबांनी चुकून जे वाचलं तेच खरं तर बरोबर होतं. तिनं जितकं सोपं करता येईल तितकं केलं. शिकवणीतल्या पोरांना कळलं असतं इतकं सोपं.

ह्यांनाही कळलं. तीच तर पंचाईत झाली.

 हेमराजचे ओठ हलले, एकतीस म्हटल्यासारखे. मग तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. शेवंताबाई दाराआडून ऐकत होती, ती बाहेर आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "काहून सांगतलं वं? कायले सांगतलं?"

भैय्यालाल हळूच म्हणाले, "माह्यापुढं चोवीस लिवलं होतं. तुह्या मायपुढं सतरा. म्या सभेत मोठ्यानं वाचलं."

"बाबा, तो आकडा तुमचा एकट्याचा नसते. हजार जणांचा असते."

"हो," ते म्हणाले. पण त्यांना ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या घडीला तिलाही नाही.

 पंचफुलाबाईनं विचारलं, "म्हंजे माह्या वयाच्या हजार बाया. त्यातल्या एकशे अठरा जातेत?"

"हो आजी."

"मंग बाकीच्या राहतेत?"

"राहतात. आठशे ब्याऐंशी राहतात."

"कुठं राहतेत वं त्या? मले तं या गल्लीत माह्या वयाची एकबी दिसत नाई."

 पंचफुलाबाईनं गाठ सोडली, एकशे अठरा मोजून दिले आणि भिंतीला धरत धरत घरी गेली.

दोन दिवसांत सगळ्या मोहल्ल्याला कळलं. रुपये आहेत असं वाटत होतं तोवर लोक कुरकुरत भरत होते. आता त्या आकड्याला कोणी हात लावायला तयार होईना. दरमहा कोण आपल्या हातानं आपलं मरण मोजून देईल? बायका दामिनीला पाहून पदर सावरायच्या आणि वाट बदलायच्या. दोन घरांनी शिकवणीतून पोरं काढली. डबा जुन्या रीतीवर गेला, मयतीला शंभर. पण चार महिने दोन-तीन रुपये देऊन सवय झालेली पोरं शंभराला कुठली तयार व्हायला? जूनच्या अखेरीस दादाजी नावाचे म्हातारे विणकर गेले. भैय्यालाल डबा घेऊन त्र्याऐंशीतल्या उरलेल्या सगळ्या दारांना गेले. कोणी घरी नव्हतं, कोणाकडे सुटे नव्हते. दोन मागांची खटखट तर थांबलीसुद्धा नाही. डब्यात दोन हजार नऊशे पडले. दादाजींच्या पोराला लाकडांसाठी दोन दारं वाजवावी लागली, आणि त्यांतलं एक भैय्यालालांचं होतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि दामिनीला एका शब्दानं बोललेही नाहीत. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

एक जुलैला सकाळी दामिनी ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. उघडं होतं, एवढंच. पंचफुलाबाई आली. नेहमीच्या जागी टेकली आणि पदराची गाठ सोडायला लागली.

"आजी, आता तसं कोणी भरत नाई," दामिनी म्हणाली. "ते बंद झालं."

"मले मालूम हाये. आज एक जुलै. माहं वय वाढलं ना वं? पाह्य बरं, आता किती झाले?"

"आजी, राहू द्या ना."

"पाह्य म्हनतो ना."

दामिनीनं तक्ता काढला. पंच्याऐंशी. "एकशे एकोणतीस."

पंचफुलाबाईनं आणलेले पैसे मोजले. एकशे अठराच होते. "अकरा कमी पडले. संध्याकारी आनून देईन."

दामिनीला राहवलं नाही. "आजी, तुमच्या एकट्यानं डबा होत नाई. हे गणित हजार माणसांचं असते. एका माणसाचं नसतेच ते."  एवढं शिकून शेवटी तिच्याजवळ ह्या बाईसाठी एवढंच वाक्य होतं.

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "एकटी कायले? तू हायेस ना. तुहा किती?"

"एक."

"मंग टाक."

दामिनी आत गेली. देवाच्या फळीवर एक रुपयाचं नाणं होतं ते घेऊन आली. तोवर भैय्यालाल डबा आणि वही घेऊन ओट्यावर बसले होते. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांनी झाकण काढून डबा पुढं केला. मग चष्मा लावून नवं पान उघडलं, दोन नावं लिहिली, दोन वयं लिहिली, आणि तिसऱ्या रकान्यापाशी थोडं थांबून एकशे अठरा आणि एक असं लिहिलं. पंचफुलाबाई कांड्या भरायला निघून गेली.

संध्याकाळी ती अकरा रुपये घेऊन आली.